मेलचा मायना

शनिवारी रात्री अकरा वीसला आलेला मेल मी रविवारी सकाळी पोहे परतता परतता वाचला आणि तिथंच घोटाळा झाला.

मेल बंगळूरकडच्या एका गिऱ्हाइकाच्या परचेसमधल्या माणसाचा होता. दोनशे चाळीस नग सोमवारी निघणार की नाही ते आत्ता कळवा, एवढाच मजकूर. सी.सी.मध्ये नऊ जण, त्यात आमचे मालकही. माणूस नावावरून कन्नड, ऑफिस तिकडचं, म्हणजे आपली भाषा त्याला कुठली येतेय, असं धरून मी तो मेल आमच्या डिस्पॅचच्या पोराकडं ढकलायला घेतला आणि वर इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ टाकली: ‘ह्यांना घरदार आहे की नाही?’ बोट फॉरवर्डवर पडायच्या ऐवजी ‘रिप्लाय ऑल’वर पडलं होतं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागं ओढायला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये जाऊन तसं ठरवून ठेवलं असेल तर. नाहीतर पाच. माझ्याकडं पाचच होते आणि ते पाचही गॅस बंद करण्यात गेले. पोहे तरीही करपलेच.

सोमवारी नऊला उत्तर आलं. तेही इंग्रजी अक्षरांत. ‘आहे की ओ मॅडम, संकेश्वरला. शनिवारी घरी गेलं की नेट रात्रीच चालतंय. बाकीच्यांना मराठी येत नाही, तुम्ही परत काही लिहू नका. नग किती निघाले तेवढं सांगा.’

मी ते वाचलं, कान गरम झाले, पुन्हा वाचलं. मग वर नजर गेली. उत्तर फक्त मला आलं होतं. नऊच्या नऊ नावं त्यानं काढून टाकली होती. मला नऊ जणांदेखत उत्तर द्यायची संधी त्याच्या हातात होती आणि त्याला हक्कही होता. त्यानं मला बाजूला घेतलं, दोन ओळी बोलला आणि कामाचं विचारलं.

दुपारी मालक माझ्या टेबलाजवळून जाताना थांबले. ते घरी कन्नड बोलतात, ऑफिसात मराठी, रागावले की दोन्ही. म्हणाले, ‘घरदार आहे हं त्यांना. मी जेवलोय तिथं.’ आणि गेले.

बेळगावात जन्म काढून मी हे विसरले कशी, याचंच मला जास्त लागलं. खडेबाजारात साडीच्या दुकानात दोघी बायका कन्नडात किंमत पाडायचं ठरवतात आणि गल्ल्यावरचा माणूस मान खाली घालून हसत असतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. इथं कोणासमोर कुठल्याही भाषेत खाजगी बोलता येत नाही. कंडक्टर, भाजीवाली, बँकेतला शिपाई, सगळ्यांना सगळं कळतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर इकडचा माणूस कुठल्या कंपनीत कुठल्या आडनावाखाली बसलेला असेल सांगता येत नाही. आडनावावरून भाषा ओळखायची सवय ह्या भागात पूर्वीपासून आहे, आणि ती नेहमी तोंडावर पाडते.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मी बावीस वर्षं बसते. व्हिजिटिंग कार्डावर पद मोठं आहे, काम मात्र निरोप्याचं. बाहेरून आलेलं वाचायचं, आतल्यांना समजेल असं सांगायचं. आतलं ऐकायचं, बाहेरच्यांना समजेल असं लिहायचं. आत म्हणजे मोल्डिंग, कोअर, भट्टी, फेटलिंग. बाहेर म्हणजे पुणे, कोल्हापूर, बंगळूर, कोइमतूर. दिवसाला साठ-सत्तर मेल. त्यातले निम्मे मला नकोत, आणि उरलेल्यांपैकी निम्मे धड लिहिलेले नसतात. माझेही धरून सांगते.

हे काम मी शिकले कुठं, तर खानापूरच्या तालुका कचेरीसमोर. माझे वडील तिथं अर्ज लिहून द्यायचे. झाडाखाली टेबल, टेबलावर दगडाखाली दाबलेले कोरे कागद, निळे कार्बन, पायाशी पाण्याची बाटली. समोर बसलेला माणूस मराठीत रडगाणं सांगायचा, बाबा ते कन्नडात लिहायचे. सातबाऱ्याचं नाव, रेशनकार्ड, बांधाचं भांडण, विधवेची पेन्शन. मराठीतून कागद मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि बाबा स्वतः तिच्या मोर्च्यांत चालले. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळी फीत बांधूनच टेबलावर बसायचे. पण अर्जावर उत्तर यायला हवं असेल तर तो साहेबाला वाचता आला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. मोर्च्यात एक आणि टेबलावर एक, असं लोक त्यांना हिणवायचेही. ते हसायचे. ‘मोर्चा माझा आहे, अर्ज त्या बाईचा आहे,’ म्हणायचे.

त्यांनी मला एक गोष्ट दाखवली होती. मराठी अर्जात काय आणि कन्नड अर्जीत काय, वर लिहिलेला एक शब्द तोच: विषय. खाली इकडं ‘आपला विश्वासू’ तर तिकडं ‘तम्म विश्वासि’, वर इकडं ‘महोदय’ तर तिकडं ‘मान्यरे’, पण विषय तो विषयच. साहेब विषय वाचतो आणि सही बघतो, मधलं वाचायला त्याला वेळ नसतो. म्हणून मधलं सगळं विषयात आलं पाहिजे. ‘पेन्शनबाबत’ असं लिहिलं तर अर्ज गठ्ठ्यात जातो. ‘एप्रिलपासून थांबलेली विधवा पेन्शन पुन्हा सुरू होणेबाबत’ असं लिहिलं तर साहेबाला पुढचं वाचायच्या आधीच कळतं की काय करायचं आहे. दुसरं, डाव्या अंगाला चार बोटं समास सोडायचा. तो शोभेसाठी नाही, शेरा मारायला. साहेबाला शेरा मारायला जागाच ठेवली नाही तर तो मारणार कुठं?

मला मेल लिहायला कोणी शिकवलं नाही, पण ह्या दोन गोष्टी पुरल्या. पुरल्या असं म्हणते, आणि लगेच मला पंपाची ती ४१२ हाउसिंगं, म्हणजे बाहेरची कवचं, आठवतात.

एका गिऱ्हाइकाशी नोव्हेंबरच्या पेमेंटवरून मेल चालले होते. आर.ई., आर.ई., एफ.डब्ल्यू., आर.ई., नोव्हेंबर पेमेंट. तेरावा की चौदावा मेल होता. त्यात वर लिहिलं होतं, पैसे बावीस तारखेला सुटतील. मी खूश झाले, मेल अकाउंट्सला ढकलला आणि दुसऱ्या कामाला लागले. त्याच मेलमध्ये खाली, सही व्हायच्या आधी, जाता जाता म्हटल्यासारखं एक वाक्य होतं: पंप हाउसिंगच्या ड्रॉइंगची रिव्हिजन डी झाली आहे, नवं सोबत जोडलंय. भोकाभोवतीचा बॉस, म्हणजे तिथला उंचवटा, तीन मिलिमीटरनं उंच केला होता. आम्ही तीन आठवडे रिव्हिजन सी ओतत बसलो. गाडी पोचली, त्यांच्या इन्स्पेक्शननं पहिल्याच नगाला व्हर्नियर लावला आणि फोन आला.

रिजेक्ट झालेलं कास्टिंग फोडून परत भट्टीत टाकता येतं, लोखंड कुठं जात नाही. गेलं ते बाकीचं: वीज, वाळू, कोअर, गाडीभाडं दोन्ही बाजूंचं, आणि तीन आठवड्यांचे लोकांचे घाम. मोल्डिंगचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी तो मेल माझ्या टेबलावर येऊन वाचला. मी बोटानं ओळ दाखवली. म्हणाले, ‘हे तर ताजा कलमात लिवल्यात की ओ.’

बरोबर होतं त्यांचं. आपल्या जुन्या पत्रांची खोडच ती. वर श्री, सा. न. वि. वि., मग सगळ्यांच्या तब्येती, मग पाऊसपाणी, आणि खरी गोष्ट शेवटी ता. क. म्हणून: म्हैस विकली, पोरीचं जमलं, पैसे पाठवणे. त्यात गोडवा होता, कारण वाचणारा अख्खं पत्र वाचायचा, नंतर शेजाऱ्यांना वाचून दाखवायचा आणि मग तारेला टोचून ठेवायचा. मेल तसा कोणी वाचत नाही. मीच वाचला नाही. चूक दोघांची, त्यांनी पैशाच्या पत्रात ड्रॉइंग घातलं आणि मी पैसे दिसल्यावर वाचायचं थांबवलं. तेव्हापासून ड्रॉइंगचा मेल मी ड्रॉइंगचा म्हणून वेगळा सुरू करते, विषयात नगाचं नाव, नंबर आणि रिव्हिजन घालते. कोणी जुन्या शेपटाला नवं बांधून पाठवलं तर ‘पत्र पावले’ म्हणून उत्तर देतानाच विषय बदलून देते. काहींना राग येतो. येऊ दे.

‘पत्र पावले, मजकूर कळला.’ ही ओळ आपल्याकडं प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला असायची आणि आपण ती टाकून दिली, ह्याचं मला वाईट वाटतं. अख्खं उत्तर तयार व्हायला चार दिवस लागणार असतील तर चार दिवस गप्प बसायचं, हा आमच्या सगळ्या ऑफिसांचा रोग. समोरच्याला कळत नाही की मेल पोचला, बुडाला की आपण रागावलोय. मी आता लगेच लिहिते: मिळालं, मामांना दाखवते, गुरुवारपर्यंत सांगते. बस. निम्मे फोन त्यानं बंद झाले.

खरी मारामारी मात्र इंग्रजीशी आहे, आणि ती व्याकरणाची नव्हे.

आम्ही मराठीत म्हणतो, पाठव. पाठवा. पाठवावे. पाठवाल का? पाठवलंत तर बरं होईल. पाठविण्याची व्यवस्था व्हावी. कोणाला कुठलं हे शिकवावं लागत नाही. आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो, वेगळा शब्द लागत नाही. कन्नडातही तसंच. धाकट्याला ‘कळसु’, मोठ्याला ‘कळस्री’. त्या एवढ्याशा ‘री’मध्ये आमच्या भागाचं अर्धं सौजन्य मावलंय, मराठी बोलणारेसुद्धा बोलता बोलता तो लावतात. आता हाच माणूस इंग्रजीत मेल लिहायला बसतो. डोक्यात ‘ड्रॉइंग पाठवा’ असतं, कागदावर उतरतं ‘सेंड ड्रॉइंग’. शेपूट तुटलं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण ‘पाठवा’ म्हणालो, वाचणाऱ्याला कोइमतूरला ऐकू येतं ‘पाठव रे’. दोघांपैकी कोणीच खोटं नाही.

मग ज्याला हे तुटलेलं जाणवतं तो उलट्या टोकाला जातो. रिस्पेक्टेड सर, काइंडली, प्लीज, हंबल रिक्वेस्ट, थँकिंग यू इन अँटिसिपेशन, सगळं एका वाक्यात. एवढ्या हारांखाली देव दिसत नाही, आणि नैवेद्य काय मागितलाय तेही कळत नाही. ‘डू द नीडफुल’ला लोक हसतात, मी हसत नाही. आपल्या ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’चाच तो भाऊ आहे आणि साहेबाच्या राज्यातल्या कचेऱ्यांतून आलेला आहे. माझी तक्रार एवढीच की ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय ते वर कुठंच सांगितलेलं नसतं.

मी माझ्यापुरता तोडगा काढला. इंग्रजीत शेपूट नाही, तर आदर दुसऱ्या वाटेनं द्यायचा. का हवंय ते सांगायचं, कधीपर्यंत ते सांगायचं, आणि नाही म्हणायला दार उघडं ठेवायचं. ‘पॅटर्न शॉपची जागा शुक्रवारी मिळतेय, गुरुवारी ड्रॉइंग आलं तर एक आठवडा वाचेल. जमत नसेल तर तसं कळवा, जागा दुसऱ्याला देतो.’ हे साध्या इंग्रजीत लिहिलं की एकही ‘काइंडली’ लागत नाही. बाबांचा चार बोटं समास म्हणजे हाच, असं मी समजते.

मामांचं आणखी वेगळं. ते मेल लिहितात क्वचित, पण लिहिले की सगळी कॅपिटल अक्षरं. ‘कोअर शिफ्ट इन लॉट सेव्हन. चेक युवर मशिनिंग.’ पुण्याच्या एका क्वालिटीवाल्या बाईनं मला फोन करून विचारलं, ‘ते आमच्यावर एवढे का चिडलेत?’ चिडले नव्हते. तीस वर्षं ड्रॉइंग वाचलेला माणूस आहे तो, आणि ड्रॉइंगवरच्या सगळ्या सूचना कॅपिटलमध्येच असतात, वाचायला चुकू नये म्हणून. त्यांच्या लेखी मोठी अक्षरं म्हणजे काळजी. पण मेलच्या जगात त्यांचा अर्थ कधीच ठरून गेलाय. ऑक्टोबर १९९५मध्ये इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली निघाली होती, आर.एफ.सी. १८५५ नावाची, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली. तिच्यात सरळ म्हटलंय की सगळी मोठी अक्षरं वापरलीत तर ओरडल्यासारखं दिसतं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्ही.एस.एन.एल. ह्या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे मेल आपल्या दारात पोचतोय तोवर रीतभात दुसऱ्यांनी लिहूनही टाकली होती. मामांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आता ते मेल कॅपिटलमध्ये लिहून मला पाठवतात, मी बारीक करून पुढं पाठवते.

आता सी.सी., म्हणजे कार्बन कॉपी. बाबांकडं कार्बनच्या दोन प्रती निघायच्या, तिसरी फिकट, चौथी वाचताच यायची नाही. त्यामुळं प्रत कोणाला द्यायची हे विचार करून ठरायचं. मेलमध्ये पन्नासावी प्रतही पहिलीइतकीच काळी, म्हणून आपण पन्नास जणांना देतो. पण आमच्याकडं सी.सी.चा अर्थ ‘माहितीसाठी’ असा उरलेला नाही. साहेबाला सी.सी. टाकलं म्हणजे चुगली केली. साहेबाला काढलं म्हणजे काहीतरी लपवलं. दोन बाकांवरचे दोघे सहा महिने बोलत नव्हते, कारण एकानं तिसऱ्या रिमाइंडरला मालकांना सी.सी. घातलं. आधी उठून दहा पावलं जाऊन सांगितलं असतं तर?

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिला मेल पाठवला तो अमेरिकेत एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये. हे मी वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले. पन्नास वर्षं झाली, आमच्या ऑफिसात अजून तेच चाललंय. क्वालिटीचा माणूस माझ्या पार्टिशनच्या पलीकडं बसतो, मी शिंकले की तो ‘गॉड ब्लेस’ म्हणतो आणि रिजेक्शनचा रिपोर्ट मात्र मेलनं मागतो. ‘रेकॉर्डला राहू दे,’ म्हणतो. त्यालाही दोष देता येत नाही. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिल्यापासून सगळ्यांना आपला मेल म्हणजे स्टँपपेपर वाटायला लागलाय. आता आम्ही आधी बोलतो, चहा घेतो, आणि मग ‘आत्ता ठरलं ते असं’ म्हणून दोन ओळींचा मेल टाकतो. भांडण तोंडी, निकाल लेखी.

बी.सी.सी.ची, म्हणजे घेणाऱ्यांचे पत्ते एकमेकांना न दाखवता पाठवायच्या प्रतीची, गोष्ट आमच्याकडची नाही, भिंतीपलीकडची आहे, म्हणून नाव सांगत नाही. एका कारखान्यानं दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मेलनं पाठवल्या आणि सगळे पत्ते ‘टू’मध्ये घातले. कोणाला काय पुरवता ही फाउंड्रीवाल्याची तिजोरी. ती पणत्यांच्या चित्रासकट उघडी पडली. त्यात कोणीतरी ‘सेम टू यू’ सर्वांना पाठवलं, मग सगळेच सुरू. शेवटी एकानं ‘मला यातून काढा’ असंही सगळ्यांनाच पाठवलं. ऑक्टोबर १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये हजारो नावांच्या एका यादीवर नेमकं हेच होऊन त्यांचे सर्व्हर बसले होते, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना फार बोलायला नको. पण पाडव्यापर्यंत त्यातल्या चार गिऱ्हाइकांना दुसऱ्यांची कोटेशनं गेली होती. आमच्या मालकांनी पाठवलं की नाही हे मी इथं लिहिणार नाही.

सहीखाली गावाचं नाव काय लिहायचं, ह्याचा शिष्टाचार कुठल्याच नियमावलीत नाही. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी दप्तरी बेळगावचं बेळगावी झालं. पुण्याची जुनी गिऱ्हाइकं अजून ‘बेलगाम’ लिहितात, बंगळूरची ऑफिसं ‘बेळगावी’. मी घरी, दारी, इथंही बेळगावच म्हणते आणि म्हणत राहणार. मेलमध्ये मात्र समोरचा जे लिहितो ते लिहिते. आमच्या गल्लीत काहीजणांना हे शेपूट घालणं वाटतं. मला बाबांचं टेबल आठवतं. त्यांच्या टेबलावर बसून वाद मिटला नव्हता आणि माझ्याही मिटणार नाही, पण पार्सल मात्र पोचायला हवं.

गेल्या वर्षी कित्तूरकडची एक पोरगी आमच्याकडं लागली. शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी, मराठी बसमध्ये शिकलेली. इंग्रजी माझ्यापेक्षा नीट. पहिल्याच दिवशी तिनं मेल टाइप केला, आणि ‘डियर’ शब्दाशी थांबली. ‘अक्का, डियर कशाला? ते काय माझे कोण आहेत?’ मी आधी हसले. मग वाटलं, खरंच की. बाबांनी ‘प्रिय’ फक्त दोन मित्रांना लिहिलं आयुष्यात. मामाला ती. मामा, व्यापाऱ्याला रा. रा., धाकट्या बहिणीला चि. सौ. असं. नात्याचा एकेक मायना ठरलेला, आणि परक्या पुरुषाला ‘प्रिय’ लिहायची वेळ बायकांवर यायचीच नाही. इंग्रजीत ‘डियर’चा अर्थ झिजून गुळगुळीत झालाय हे मी तिला सांगितलं, पटलं नाही. मग ठरलं, ती ‘गुड मॉर्निंग सर’नं सुरुवात करते. मेल संध्याकाळी उघडला तर काय, हा प्रश्न आम्ही सोडून दिला.

मामांना ती इंग्रजीत लिहीतच नाही. इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहिते, ‘नोड्री’, म्हणजे ‘बघा हो’, म्हणून ड्रॉइंग जोडते. पाच मिनिटांत उत्तर येतं, कॅपिटलमध्ये का होईना. बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

सगळ्यात अवघड मेल पैसे मागायचा. लहान कारखान्याचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असं २००६चा कायदा सांगतो, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे पाठ आहे मला. मेलमध्ये एकदाही लिहिलेलं नाही, कारण पुढची ऑर्डरही त्यांच्याकडूनच यायची असते. ‘जंटल रिमाइंडर’ही लिहीत नाही, चौथ्यांदा आलेला जंटल रिमाइंडर दात-ओठ खाऊन हसणाऱ्या माणसासारखा दिसतो. पहिल्या दोन ओळींत बिल नंबर, तारीख, रक्कम, किती दिवस झाले. खाली बिलाची प्रत पुन्हा जोडलेली. ‘खालच्या मेलमध्ये बघा’ म्हणायचं नाही. पलीकडं बसलेल्या पोरापुढं दोनशे पुरवठादार असतात, ज्याचं शोधावं लागत नाही त्याचं बिल तो आधी उचलतो.

परवा शनिवारी असाच मेल त्या पोरीकडून लिहून घेतला. तीन बिलं, चौसष्ट दिवस. अकाउंट्सला, आणि सी.सी.मध्ये परचेसचे ते संकेश्वरचे, कारण बिलावर सही त्यांची लागते. मजकूर चांगला उतरला होता. विषयात सगळं आलं होतं. मी एक ‘काइंडली’ काढला, तिनं तो हळूच परत घातला, मी बघितलं नाही असं केलं. पावणेसहा झाले होते. बाहेर हात-पाय धुवून लोक गाड्या काढत होते, तिसऱ्या गेटकडं हॉर्न सुरू झाले होते.

‘अक्का, पाठवू?’ तिचं बोट बटनावर.

मी तिचा माऊस माझ्याकडं ओढला, सेंडच्या शेजारचा बाण उघडला, सोमवार, सकाळी सव्वानऊ असं घातलं.

‘आत्ता गेला असता तर काय झालं असतं?’

‘रात्री अकराला उत्तर आलं असतं,’ मी म्हटलं. ‘नेट तेव्हाच चालतंय त्यांच्याकडं.’

तिला काही कळलं नाही. तिनं डबा पिशवीत टाकला, मी दिवे घालवले.